पडद्यावरून कापलेली बाई

"फुकटात सिनेमे बघायचे आणि वर त्यांना नावं ठेवायची, याला काम म्हणतात होय?" माझ्या सख्ख्या भावाने भर पंगतीत मला हे विचारलं होतं. पंगतीत पाहुणे होते, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. आता पंगतही नाही आणि पाहुणेही नाहीत, तेव्हा सांगून टाकते.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी सांगलीला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि एका साप्ताहिकात दर आठवड्याला चित्रपटाचं परीक्षण लिहीत होते. परीक्षणाखाली माझं नाव नसे, 'एक प्रेक्षक' एवढंच असे. संपादकांना सगळे तात्या म्हणत. ते म्हणाले, "नाव घातलं तर लोक आधी तुमची चौकशी करतील, बाई, आणि मग सिनेमाची." मला याचा संताप आला, पण तात्या म्हणत होते त्यात काही खोटं नव्हतं, म्हणून तो गिळला. संताप गिळायची सवय मला याच कामाने लावली. ती फार दिवस टिकली नाही.

कामाची रीत अशी. प्रत्येक चित्रपट मी दोनदा बघत असे. पहिल्यांदा थेटरच्या पासावर, खुर्चीत बसून. दुसऱ्यांदा पदरचे पैसे घालून जमिनीवरच्या तिकिटात, बायकांच्या बाजूला. तिथे शेंगांच्या फोलपटांवर बसायचं, मागच्या बाईचा गुडघा पाठीत घ्यायचा, शेजारचं पोर आपल्याच मांडीवर झोपवायचं. खुर्चीतली माणसं आपलं मत खेळ संपल्यावर, बाहेर पान खाताना देत. जमिनीवरच्या बायका ते खेळ चालू असतानाच देत, आणि मोठ्याने देत. एका चित्रपटात नायिका नवऱ्याच्या पायाशी बसून ढसाढसा रडत होती. खुर्चीत असताना माझेही डोळे ओले झाले होते. दुसऱ्या खेपेला शेजारची बाई म्हणाली, "आगं, मगाधरनं रडतीया, पर काजळ कसं पुसंना हिचं?" झालं. त्या नायिकेचं रडणं मला पुन्हा कधी खरं वाटलं नाही, आणि परीक्षणात मी काजळाबद्दल लिहिलं.

रविवारी सकाळी इंग्रजी चित्रपट लागत. तिथे कॉलेजची मुलं, वकील, डॉक्टर आणि पाचगणीला पोरं शिकायला ठेवलेले बडे लोक येत. जमिनीवर थोड्या बायकाही असत, कारण सकाळचं तिकीट स्वस्त होतं. इंग्रजीचा एक शब्द त्यांना कळत नसे. पण एकदा खुर्च्यांतले वकीलसाहेब मध्यंतरात दोघा मित्रांना विचारत होते की ती निळ्या डोळ्यांची बाई नक्की त्याची कोण. चित्रपट काळापांढरा, तेव्हा निळे डोळे त्यांना कुठे दिसले देव जाणे. जमिनीवर मात्र पहिल्याच रिळात निकाल लागला होता: "ही तेची बायकू न्हवं. बायकूपाशी मानूस आसा हळू बोलत न्हाई."

याच वकीलसाहेबांचा माझ्यावर राग होता. ते तात्यांना निरोप पाठवत: तुमचा हा 'प्रेक्षक' अडाणी आहे, त्याला हॉलिवूडची कला कळत नाही. दुसऱ्या बाजूने आमच्या गल्लीतले एक वैद्य येऊन बजावत, की देश पेटलेला असताना साहेबाच्या चित्रपटाचं कौतुक छापणं हा देशद्रोह आहे. म्हणजे एकाला सगळं इंग्रजी थोर हवं आणि दुसऱ्याला सगळं मराठी पवित्र. दोघांपैकी एकानेही जमिनीवरचं तिकीट कधी काढलं नव्हतं. माझी कसोटी दोन्हींकडे एकच होती. या प्रसंगात जिवंत माणूस असंच वागेल का? इंग्रजी चित्रपटातली गरीब मुलगी दिवसभर भांडी घासून संध्याकाळी इस्त्रीच्या झग्यात नाचायला निघाली, तर मी ते खोटं म्हटलं. आणि आमच्या चित्रपटातली शेतकरीण नाकात मोत्यांची नथ घालून शेण काढताना दिसली, तर तेही खोटंच म्हटलं. त्या काळात आमच्या शेतकरणी पडद्यावर इतक्या नटून शेण काढत, की ते बघून मला शिसारी येई.

आता बाहेरच्या माणसाला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. चित्रपट गावात येतो तो पत्र्याच्या डब्यांतून, फिल्मच्या रिळांवर. मोठ्या शहरात लागला तसाच तो खाली उतरतो, अशी आपली समजूत असते. साफ चूक. तो सांगलीला लागे, मग साताऱ्याला, मग कराडला, आणि तिथून रस्त्याकडेच्या गावांतल्या तंबूंत. वाटेत ज्याच्या हातात कात्री तो कापणार. एका संध्याकाळी दोन खेळ बसवायचे आहेत, काप. वीज करणाऱ्या इंजिनाला तेल पुरत नाही, काप. कापायचं काय, यावर सगळ्या तंबूवाल्यांचं एकमत होतं. गाणं ठेवायचं, मारामारी ठेवायची, बोलणं काढायचं. मग दोन टोकं एकमेकांना चिकटवून द्यायची. बापाने मुलाला हाक मारली, की मुलगा थेट बागेत गात असलेला दिसे, आणि लोक तेही चालवून घेत.

इंग्रजी चित्रपटाला मात्र कात्री लावायची कुणाची छाती नव्हती. त्याची रिळं परत गेली की कंपनीचा माणूस मोजून घेई, आणि कमी भरली तर पुढचा चित्रपट बंद. म्हणून जे बोलणं आमच्या बायकांना कळत नव्हतं ते त्यांना अखंड ऐकावं लागे, आणि जे कळलं असतं ते कापून टाकलेलं असे. मी यावर दोनदा लिहिलं. तात्यांनी दोन्ही वेळा छापलं, आणि दोन्ही वेळा काहीही झालं नाही.

एका वर्षी कोल्हापुरात तयार झालेला एक सामाजिक चित्रपट सांगलीला लागला. नाव सांगत नाही, कारण झाल्या प्रकारात त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. चित्रपट बेताचाच होता. श्रीमंत घरची सून रुसून घराबाहेर पडते, गाणी म्हणत हिंडते आणि शेवटी परत जाते. मधे एका खेड्यात ती एका झोपडीच्या दारात उभी राहते. आत एक बाई चूल फुंकत बसलेली, पाठ आपल्याकडे. ती वळतही नाही. एवढंच म्हणते, "कुटं जायचं तिकडं जा बाई, पर उपाशी जाऊ नगं." मग उठते, भाकरी तिच्या हातावर ठेवते आणि तिच्या पायांकडे बघते. अनवाणी चालून फुटलेले पाय. बस, एवढाच प्रसंग. खुर्चीत मी नुसती बघत राहिले. जमिनीवर माझ्या आजूबाजूची एकही बाई बोलली नाही, आणि असं मी त्या थेटरात पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मी परीक्षणात लिहिलं की सबंध चित्रपटात खरी बाई ही एकच, आणि निर्मात्याने तिचं नावसुद्धा पडद्यावर दिलेलं नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आठवड्याभराने तात्यांनी एका बाईला माझ्या शाळेत पाठवलं. सुट्टी झाली होती. ती व्हरांड्यात उभी होती, गुडघ्याशी आलेलं जुनं लुगडं, केसांत कापसाचे तंतू.

"तुमीच का त्या, पेपरात लिवणाऱ्या?" तिने विचारलं. "मी माधवनगरच्या गिरणीत हाय, तितं एका पोरानं वाचून दावलं. चुलीपाशी बसल्याली ती मीच हाय, बाई."

मी तिला आत बसवलं. नाव सोनाबाई, उंब्रजची. नवरा पलटणीत, समुद्रापलीकडे गेलेला, आणि त्याचं काहीच कळेनासं झालेलं. घरात सासू, दीर गणपा आणि सोनाबाईची लहान मुलगी शालन. गणपाला घरापेक्षा गुत्ता जवळचा. उपासमार व्हायला लागली तेव्हा ती कामाला म्हणून कोल्हापूरला गेली. तिथे स्टुडिओत गर्दीत उभं राहायचं काम मिळालं, आणि एक दिवस दिग्दर्शकसाहेबाने तिला चुलीपाशी बसवलं. चार पैसे जोडून ती घरी परतली, तर गणपाने तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

"म्हनला, सिनेमात हुतीस न्हवं? मग दाव. न्हाईतर कोल्लापुरात काय करत हुतीस त्ये आमाला ठावं हाय. गावानं बी तेचीच री वडली. पोरगी घरात ठिवून घेतली आन मला भायेर काढली." ती रडत नव्हती. चांगलीच संतापली होती, आणि म्हणूनच ती मला आवडली. "गणपा म्हनतोय, शिनिमा उंब्रजला लागंल तवा आक्खं गाव बघंल. तवा तू दिसलीस तर घरात ये. बाई, तुमी याल का? मला एकलीला भ्या वाटतंय."

एका बाईचं घर आणि मुलगी एका चित्रपटावर टांगलेली! मी त्या दिवसापर्यंत कितीतरी चित्रपट तोलले होते, पण ज्याच्यावर कुणाचं घर टांगलेलं आहे असा एकही नव्हता. शिवाय ही अट घालणारा कोण, तर स्वतः एक दाणा घरात न आणणारा दीर. मी जाते म्हणाले.

काही आठवड्यांनी चित्रपट उंब्रजला लागला. कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार आम्हाला खोकत खोकत घेऊन गेली. रस्त्याच्या कडेला तंबू होता, मधे दोर बांधून पुरुषांची आणि बायकांची बाजू वेगळी केलेली. सगळं गाव आलं होतं. काहीजण नुसते सोनाबाईला बघायला आले होते, तेही न लपवता. बायकांत एक म्हातारी भिंतीसारखी ताठ बसली होती आणि तिच्या मांडीवर एक मुलगी झोपली होती. "ती आत्याबाई, सासू माजी," सोनाबाई पुटपुटली. म्हातारीने आमच्याकडे पाहिलं नाही. पुरुषांच्या बाजूला पहिल्याच रांगेत गणपा फेटा बांधून बसला होता.

खेळ सुरू झाला. नायिका रुसली, घराबाहेर पडली, रस्त्याने चालू लागली. सोनाबाईने माझं मनगट धरलं. पुढच्या क्षणाला नायिका नदीकाठी गात होती.

झोपडी नाही, चूल नाही, सोनाबाई नाही. माझ्या लक्षात यायला अर्धं कडवं गेलं. मग पुरुषांकडून कुणीतरी ओरडलं, "आरं, कुटं हाय रं ती?" आणि हशा पिकला. गणपा उठून मागे वळला आणि दोराच्या अलीकडे बोट करून म्हणाला, "हिकडं हाय की! पडद्यावर न्हाई, तंबूत हाय!" मग तर लोक लोळायचे बाकी राहिले.

माझा गिळलेला सगळा संताप एकदम वर आला. मी उठले आणि मशीन होतं तिकडे ओरडले, "बंद करा! आधी बंद करा ते!" शाळेतला आवाज होता, मशीनवाल्याने घाबरून बंद केलं. पेट्रोमॅक्सची बत्ती पेटली. तंबूवाला शेट धोतर सावरत धावत आला.

"काय झालं बाई? कुठं आग लागली का?"

"झोपडीतला प्रसंग कुठे आहे?"

"तो होय," शेट सुटल्यासारखा म्हणाला. "काढला तो. एक बाई चूल फुंकत बसली होती, बाई, नुसती पाठ दिसत होती. पाठ बघायला कोण पैसे देतंय? तेल पुरत नाही हो आम्हाला."

मी लोकांना सांगितलं, की तो प्रसंग मी सांगलीला स्वतः पाहिला आहे, दोनदा पाहिला आहे, ही बाई त्यात होती आणि मी पेपरात तसं छापलंय. गणपा अदबीने हात जोडून म्हणाला, "आवं बाई, तुमी शिकल्याल्या. लिवायचं तुमचं काम. कुणीबी कायबी लिवतंय. गावाला दिसलं न्हाई, म्हंजी न्हाई." आणि पुन्हा हशा.

मी आणखी काही बोलणार होते, पण सोनाबाई उठली. दोर उचलून ती पुढे गेली आणि पांढऱ्या पडद्यासमोर, बत्तीच्या उजेडात, आमच्याकडे पाठ करून खाली बसली. तिथे चूल नव्हती, पण तिने खाली वाकून जाळ फुंकला, धुराने डोळे बारीक केले असावेत अशी तिची मान झाली. आणि मान न वळवता ती म्हणाली, "कुटं जायचं तिकडं जा बाई, पर उपाशी जाऊ नगं." मग उठली, रिकाम्या हाताने भाकरी पुढे केली आणि समोरच्या नसलेल्या पायांकडे बघितलं.

सांगलीच्या थेटरात झालं होतं तेच झालं. मागून एक म्हातारा आपल्याशीच म्हणाला, "हुती बरं का ही शिनिमात. हुतीच."

मला वाटलं, सुटलो. तो माझा भाबडेपणा होता. गणपाचा चेहरा आणखी काळा झाला. "बगा!" तो गावाला म्हणाला. "बगा, आता तर गावाफुडं बी नाटक करून दावलं. घरंदाज बाईला जमंल का ह्ये? मी म्हनत हुतो त्येच खरं झालं!" आणि माना डोलल्या. काही माना खरोखर डोलल्या, मी डोळ्यांनी पाहिल्या. पुरावा नाही तोवर ती खोटी, आणि पुरावा दिला तर तो पुरावाच तिचा गुन्हा. मी आयुष्यात कितीतरी वाईट पटकथा पाहिल्या, पण इतकी हलकट एकही पाहिली नाही.

"गण्या, खाली बस," बायकांच्या बाजूने आवाज आला. म्हातारी उठली नव्हती, मांडीवर मुलगी होती. "आन तोंड बंद कर. तिला मीच धाडली हुती."

गणपा वळला. "आय, तू मधी—"

"मीच म्हनलं तिला, कोल्लापुरात काम मिळतंय तर जा, पोरीला मी बगते. दानं संपलं तवा तू कुटं हुतास, सांगू का गावाला? तिनं पयलं पैशे धाडलं त्ये कुणी घेतलं, त्येबी सांगू?"

गणपा खाली बसला. आता कुणीही हसलं नाही. पण माझं डोकं आणखी तापलं. या बाईला सगळं ठाऊक होतं! गिरणीत कापूस पिंजत, मुलीच्या आठवणीने झुरत सून बाहेर राहिली, आणि इथे ही गप्प बसून होती. मी काही म्हणायच्या आत सोनाबाईच बोलली. ती सासूच्या पाया पडली नाही, उभ्यानेच म्हणाली, "आत्याबाई, मी सांगितलं तर कुनी मानलं न्हाई. मंग तुमी इतकं दीस का बोलला न्हाईसा?"

म्हातारीने वर बघितलं. "मला कुनी इचारलंच न्हाई," ती म्हणाली.

यात लबाडी नव्हती, तेच जास्त लागलं. चावडीवर बोलणं झालं, पारावर झालं, पडदा लागला, तंबू भरला, आणि घरात बसलेल्या म्हातारीला एक प्रश्न विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. तिलाही वाटलं नाही की न विचारता बोलायचा आपल्याला हक्क आहे. सोनाबाई वाकली, तिने मुलीला खांद्यावर घेतलं आणि सासूला म्हणाली, "उटा. घरला चला." म्हातारी तिच्या हाताला धरून उठली. दोघी तंबूबाहेर गेल्या. शेटने बत्ती मालवली आणि उरलेलं गाणं लावलं, आणि गाव ते बघत बसलं.

दुसऱ्या दिवशी सोनाबाई मला मोटारीपर्यंत पोचवायला आली. शालन तिच्या पदराला धरून होती. आम्ही बोलत होतो तोच तंबूवाला शेट लगबगीने आला, चेहऱ्यावर कालची कसलीच लाज नाही.

"सोनाबाई, एक बोलायचं होतं," तो म्हणाला. "काल लोकांना फार आवडलं बघा. आता खेळ पुढच्या गावांना जाईल. तुम्ही बरोबर चला. मी तिथं मशीन थांबवतो, तुम्ही पडद्यापुढं चूल फुंकून दाखवा. रोजचे पैसे रोज देतो."

मी त्याच्यावर तुटून पडणार होते, सोनाबाईने मला हाताने थांबवलं.

"माजा तुकडा कापलासा त्यो कुटं हाय, शेट?"

"तो आता कुठला? बांगड्या करणारे नेतात तसले तुकडे, वितळवतात. त्याच्या बांगड्या होऊन बाजारात विकल्याही गेल्या असतील."

सोनाबाईने शालनला जवळ ओढलं. "मंग बाजारात जावा," ती म्हणाली, "आन जिच्या हातात मी आसंन, तिला हुबी करा पडद्यापुढं."